काचेमागचं बोलणं

करामा, दुबई
शुक्रवार, १० नोव्हेंबर २०१७

प्रिय मरियम,

सप्टेंबरात तू फोनवर जे विचारलंस त्याचं मी खोटं उत्तर दिलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला मागे फिरता येणार नाही. तू म्हणालीस, "काका, शारजाची नोकरी हातात असताना अब्बांनी नाही का म्हटलं? अम्मी आजही त्यावरून बोलते. तुझ्या बापाला आपली फिकीर नव्हती, बोलते." मी म्हणालो, मला ठाऊक नाही बाळ, जहूरभाई त्यांचं खासगी माझ्याशी बोलत नसत. मला ठाऊक होतं. आणि ते माझ्याशी बोलले होते.

मला पत्र लिहायची सवय नाही. ऑफिसात मी प्लॅनिंग करतो. कुठलं काम कोणत्या तारखेला सुरू होईल, कधी संपेल, त्याला किती माणसं लागतील, याचे तक्ते करायचे, एवढंच मला येतं. त्यामुळे तारखेनुसार सांगतो. कुठे रुक्ष वाटलं तर समजून घे.

तुझे अब्बा आमच्या कंपनीत पीआरओ होते हे तुला माहीत आहे, पण ते दिवसभर काय करत हे तू कधी पाहिलेलं नाहीस. इथे पीआरओ म्हणजे पासपोर्टांची पिशवी काखेत मारून लेबर ऑफिस, इमिग्रेशन, टायपिंग सेंटर अशा फेऱ्या मारणारा, अरबी येणारा माणूस. कंपनीत आठशे माणसं होती आणि सरकारी कागद वाचता येणारा एक. माणूस कामावर घ्यायचा असो की काढायचा, कागद अरबीतच असायचा आणि सही करणाऱ्याला त्यातलं अक्षर कळत नसायचं. बाकीच्या कंपन्यांत बोटाने जागा दाखवतात आणि सही घेतात. जहूरभाई तसं करत नसत. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कागद त्या माणसाच्या भाषेत वाचून दाखवायचे. हिंदी, मल्याळम, थोडी पुश्तूही त्यांनी त्यासाठी शिकून घेतली होती. एकदा एक वेल्डर घाईत होता. "जहूरभाई, छोडो ना, साइन कर देता हूँ." त्यांनी पेन स्वतःच्या खिशाला लावलं आणि म्हणाले, "पहले सुन. नाम तेरा है, मेरा नहीं." मग त्याने उभं राहून सगळं ऐकलं. आम्ही साहेब लोक हसायचो. कामाला उशीर होतो म्हणून जनरल मॅनेजर चिडायचे. पण आमच्या कंपनीत सहीवरून कधी भांडण झालं नाही.

मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान. ऑफिसात ते मला साहेब म्हणत आणि लिफ्टचं दार बंद झालं की चारूभाऊ. दाभोळचा माणूस आणि पुण्याचा माणूस, पण मराठी बोलायला त्या मजल्यावर आम्ही दोघेच. दुपारी डबे एकत्र उघडायचे. माझ्या घरून येणारी शुभ्राच्या हातची आमटी त्यांना आवडायची, आणि तुमच्याकडून कोणी आलं की तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी ते अर्धी मला काढून ठेवायचे. तुझ्याबद्दल फार बोलत नसत. फक्त २००८ च्या जूनमध्ये तुला दहावीत किती टक्के पडले ते त्यांनी अख्ख्या मजल्याला सांगितलं होतं, अगदी त्या फिलिपिनो रिसेप्शनिस्टलासुद्धा. मुलगी फार्मसी करणार, म्हणाले. तू फार्मसी केली नाहीस. का केली नाहीस ते मला ठाऊक आहे.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सगळं थांबलं. आमच्या खिडकीतून सतरा क्रेन दिसायच्या. डिसेंबरात त्यातल्या चार हलत होत्या. बँका पैसे देईनात, मालक प्रोजेक्ट गुंडाळू लागले. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या मजल्यावर रोज एखादी खुर्ची रिकामी व्हायची. जानेवारीत जनरल मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावायला सांगितलं. माणसं कमी करायची होती आणि कोणाला कधी काढलं तर काम अडणार नाही, याचा तक्ता प्लॅनिंगने करायचा होता. म्हणजे मी. इमारती उभ्या करायचा तक्ता मी करत आलो होतो, तसाच हा केला. एका बाजूला नावं, वर तारखा. पहिल्या तुकडीत चौसष्ट, दुसरीत एकशे दहा, असं करत एप्रिलपर्यंत. जहूरभाईंचं नाव मी शेवटून दुसरं घातलं, तारीख पंधरा एप्रिल. कारण साधं होतं. सगळ्यांचे व्हिसा कॅन्सल करायला तेच लागणार होते. बाकीच्यांचे झाले की त्यांचं काम संपत होतं. कागदावर ते अगदी बरोबर होतं. मॅनेजर म्हणाले, हे तुझ्या-माझ्यात. पीआरओला तर अजिबात कळता कामा नये, कळलं तर तो मधेच निघून जाईल आणि तीनशे माणसं लटकतील. आणि मग म्हणाले, बाहेर गेलं तर कोणाकडून गेलं ते मला कळेल. माझी आभा तेव्हा दहा वर्षांची होती. तिचा आणि शुभ्राचा व्हिसा माझ्या नोकरीवर. ही सबब म्हणून लिहीत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं ते लिहितो.

त्यानंतर तीन महिने मी त्यांच्याबरोबर डबा खात होतो.

फेब्रुवारीत एकदा डबा खाताना त्यांनी शारजाचा विषय काढला. तिथल्या एका बांधकाम कंपनीचा मालक, स्थानिक अरब, त्यांना लेबर ऑफिसच्या रांगेत ओळखू लागला होता. त्याचा पीआरओ निघून गेला होता. पगार आमच्यापेक्षा थोडा कमीच, पण नोकरी पक्की होती. जहूरभाई म्हणाले, "इथे सत्रा वर्षं काढली. अशा टायमाला सोडून जावं, बरं दिसत नाय. पण मीच रोज वीस जणांचे कागद करतो. माझा नंबर कधी, ते कोणाला ठाऊक?" आणि भाकरी मोडत माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बघू, विचार करा. बस्स, एवढंच.

सत्तावीस फेब्रुवारीला शुक्रवार होता. शुभ्रा आणि आभा पुण्याला गेल्या होत्या. दुपारी जहूरभाईंचा फोन आला, "चारूभाऊ, सिनेमाला चला. फुकटचा हाय." फ्रेंच लोकांचा कसलासा चित्रपट-सप्ताह एका मॉलमध्ये चालू होता आणि त्यांच्या वकिलातीत जहूरभाई कागद साक्षांकित करायला जायचे, तिथल्या काउंटरवरच्या ट्युनिशियन मुलीने त्यांना दोन पास दिले होते. मला आश्चर्य वाटलं. देराच्या त्यांच्या खोलीत सहा जण राहायचे आणि शुक्रवारी सगळे मिळून टीव्हीवर हिंदी सिनेमे बघायचे, तेवढाच त्यांचा सिनेमा. पण मला घरी बसून करायचं काही नव्हतं. गेलो.

चारचा खेळ. गुप्तहेरीचा सिनेमा होता, म्हणजे पोलीस तपासाचा. दिग्दर्शक म्हणे फार जुना, ऐंशीच्या जवळ आलेला, जन्मभर खुनाचेच सिनेमे काढत आलेला. बाहेर त्याचा मोठा फोटो लावला होता. आत गेल्यावर कळलं की इंग्रजी अक्षरांची प्रिंट आलेलीच नाही, खाली फक्त अरबी येणार. मी उठत होतो तर त्यांनी माझी बाही धरली. "बसा ओ. मी हाय ना. मी वाचून दाखवतो."

आणि त्यांनी अख्खा सिनेमा मला कानात वाचून दाखवला. पुढच्या रांगेतल्या गोऱ्या बाईने दोनदा मागे वळून श्श् केलं. त्यांनी तिला अदबीने "सॉरी, मॅडम" म्हटलं आणि मला म्हणाले, "हिला भाषा कळते, हिला काय बोलायला."

गोष्ट अशी. नदीकाठचं एक लहान गाव. तिथला फौजदार जाड, चष्मेवाला, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. नदीत एका श्रीमंत विधवेचं प्रेत सापडतं. गावात एक गुरांचा डॉक्टर आहे, फौजदाराचा जुना मित्र. दर मंगळवारी फौजदार त्याच्याकडे जेवायला जातो. खून त्या डॉक्टरने केला आहे हे आपल्याला लवकरच कळतं, आणि फौजदारालाही कळलेलं आहे हेही दिसतं. तरी मंगळवारची जेवणं चालूच. एका जेवणात नदीतला वामसारखा मासा नुसता उकडून पांढऱ्या सॉसमध्ये वाढला, तेव्हा जहूरभाई कुजबुजले, "ना हळद, ना तिरफळ. असं खाऊन खून व्हायचाच." मी इतका हसलो की ती बाई परत वळली. तो माझा त्यांच्याबरोबरचा शेवटचा मोकळा हसण्याचा क्षण.

शेवटाकडे एक प्रसंग होता. शेवटचा मंगळवार. कॅमेरा घराबाहेर, बागेत, लांब. आत स्वयंपाकघरात दिवा आणि काचेमागे ते दोघे टेबलाशी बसलेले, लहानसे दिसतात. चेहरे नीट दिसत नाहीत. बराच वेळ तसंच. जहूरभाई त्या सबंध वेळात माझ्या कानाशी बोलत होते. इतर वेळी भराभर वाचायचे, कधी मागे पडायचे, मधेच "थांबा, गेलं ते" म्हणायचे. इथे मात्र सावकाश बोलत होते. म्हणाले, "फौजदार बोलतो, मला सगळं ठाऊक हाय. पयल्या दिवसापासून ठाऊक हाय. उद्या सकाळी माणसं येतील. मला तोंड उघडायची मनाई हाय, पण आपण एका ताटात जेवलो, म्हणून सांगतो. आता तुझं काय ते तू ठरव. डॉक्टर बोलतो, तू सांगितलंस, झालं. आता मी कुठे जाणार नाय. पण तू सांगितलंस." मग सकाळ होते. डॉक्टर कोट घालून, बॅग हातात घेऊन दारात उभा असतो आणि पोलिसांची गाडी येते. "बघा," जहूरभाई म्हणाले, "तयार होऊन उभा हाय. मित्राने सांगितलेलं ना."

तिथून आम्ही करामाला आलो. एका हॉटेलात चहा घेतला. ते बराच वेळ बशीत चहा ओतून फुंकत होते. मग म्हणाले, "फौजदार माणूस चांगला होता. नाय?" मी म्हणालो, सिनेमात असतात तसले. ते म्हणाले, "शारजावाल्याने दोनदा फोन केलान. रविवारपर्यंत जवाब मागतो. मी काय सांगू त्याला?" सरळ विचारलं, मरियम. आडवळणाने नाही. आणि मी म्हणालो, "घाई कशाला करताय? तुमच्याशिवाय इथे कोणाचं चालणार आहे का?"

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पंधरा एप्रिलपर्यंत खरोखरच कोणाचं चालणार नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला, ओझं उतरल्यासारखा. "मग खलास. तुम्ही बोलता म्हणजे झालं. तुम्हाला तर आतलं सगळं ठाऊक असतं." आणि रविवारची वाट न बघता तिथेच, माझ्यासमोर, त्यांनी शारजाला फोन लावला. अरबीत बोलत होते. मला शब्द कळत नव्हते, पण ते आभार मानतायत आणि नाही म्हणतायत एवढं कळत होतं. दोन-तीन मिनिटं चाललं असेल. मला हात पुढे करून फोन बंद करता आला असता. मी वेटरला बिल आणायला सांगितलं.

पंधरा एप्रिलला बुधवार होता. कागदावर कंपनीतर्फे साक्षीदार लागतो, म्हणून मॅनेजरनी मलाच बसवलं. स्वतःच्या कॅन्सलेशनचा कागद जहूरभाईंनी आदल्या संध्याकाळी स्वतःच टाइप करून आणला होता, कारण दुसरं कोणी नव्हतंच. समोर बसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मोठ्याने, मराठीत, मला. मी म्हणालो, जहूरभाई, नका. ते म्हणाले, "नाय साहेब. वाचल्याशिवाय सही नाय, नियम माझाच." सगळा वाचला. माझं कंपनीकडे काही येणं राहिलेलं नाही, मी राजीखुशीने सही करत आहे, तीस दिवसांत देश सोडीन. मग सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "तुम्हाला आधी ठाऊक नसेल ना?"

मी म्हणालो, "नाही. मलाही आजच कळलं."

त्यांनी मान हलवली. वर मलाच धीर दिला. म्हणाले, "असू दे. तुमची पण पोरगी लहान हाय. नोकरी सांभाळा."

शारजाची जागा तोवर भरली होती. ते रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि ज्या टायपिंग सेंटरमध्ये सतरा वर्षं आमचे कागद घेऊन गेले तिथे स्वतःसाठी विचारायचे. त्या महिन्यात सगळेच माणसं काढत होते. मला तीन-चार वेळा फोन आला. दोनदा मी उचलला. एकदा शुभ्राने जेवायला बोलावलं तर म्हणाले, वहिनी, जाताना येऊन जाईन. सहा मे रोजी दुपारी ते देरात कार्गोच्या दुकानात घरी पाठवायचं खोकं घेऊन गेले. वजन केलं, पावती घेतली, जरा बसतो म्हणाले आणि बाकावर बसले. दुकानदाराला वाटलं, डोळा लागला. तो मला पुढे म्हणाला, "सोचा, थका हुआ आदमी है, सोने दो." ते खोकं तुमच्याकडे पोचलं हे तू सांगितलं होतंस. त्यात काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

तुझ्या अलीमियाँ मामांनी फोनवर सांगितलं, मय्यत अडकवून ठेवू नका, तिथेच दफन करा. रुग्णालय, पोलीस, वकिलात, सगळीकडे मी फिरलो. सगळे कागद अरबीत. ज्या माणसाने वाचून दाखवले असते त्याचेच ते कागद. समोरचा कारकून बोटाने जागा दाखवायचा आणि मी सही करायचो. कशावर सह्या केल्या ते आजही मला ठाऊक नाही. दफनाला खोलीतले पाच जण होते आणि मी. मी बाजूला उभा होतो. नंतर एकाने हात धरून पुढे नेलं आणि मीही माती दिली. माझ्या हातून ती पडायला नको होती, असं तेव्हा वाटलं, आजही वाटतं. पण तो माणूस मला त्यांचा मित्र समजत होता. तुम्ही सगळेच समजलात.

माझी नोकरी टिकली. हेही लिहायला हवं. तक्त्यात माझं नाव नव्हतं. दोन वर्षांनी ती कंपनीच बंद झाली, तोपर्यंत मला दुसरीकडे मिळाली होती. मी दर ईदला तुमच्याकडे फोन करत राहिलो, तू मला काका म्हणत राहिलीस. तुझ्या अम्मी, मैमुनाबी वहिनी, एकदा फोनवर रडत म्हणाल्या होत्या की ते जिद्दी होते, शारजाला गेले असते तर आज जिवंत असते. मी म्हणालो होतो, वहिनी, नशिबापुढे कोण काय करणार. असं आठ वर्षं चाललं. माणूस अशा गोष्टीला सरावतो, मीही सरावलो होतो. मनाशी म्हणायचो, त्यांचं हृदय आधीच कमकुवत असेल. शारजाला गेले असते तरी हेच झालं असतं. आणि मुख्य म्हणजे, त्यांनी माझं ऐकूनच नाही म्हटलं असं कशावरून? मोठा माणूस, स्वतःचा विचार केला असेल.

या जुलैत तो फ्रेंच दिग्दर्शक वारला. आभा आता अठराची आहे, तिला सिनेमांचं वेड. तिने लॅपटॉपवर त्याचे सिनेमे लावले होते आणि जाता जाता मला तो जाड, चष्मेवाला चेहरा दिसला. मी खुर्ची ओढून बसलो. तिला नवल वाटलं. या वेळी खाली इंग्रजी अक्षरं होती.

बरीचशी गोष्ट जहूरभाईंनी सांगितली तशीच होती. कुठे कुठे चुकले होते. त्यांची अरबी अर्ज-फॉर्मांची, सिनेमाची अक्षरं भराभर बदलतात, एवढं चालायचंच. मग तो शेवटचा मंगळवार आला. बाग, काच, आत दिवा, टेबलाशी दोघे. मी वाट बघत होतो. खाली काहीच येईना. आवाजही नाही, फक्त लांबून एक कुत्रा भुंकतो. आभाला म्हणालो, बिघडलं का गं? ती म्हणाली, "नो बाबा, देअर आर नो सबटायटल्स हिअर. नोबडीज टॉकिंग." मी तिला तीनदा मागे घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघायला लागली. तिथे कोणी बोलतच नाही, मरियम. चार मिनिटं ते दोघे न बोलता जेवतात. फौजदार मित्राला काही सांगत नाही. जेवतो, हात पुसतो, टोपी घालून निघून जातो. पुढे सकाळी डॉक्टरला फोन येतो की कोणाची तरी गाय अडली आहे, म्हणून तो बॅग घेऊन बाहेर पडतो, आणि दारातच त्याला पकडतात. त्याला काही ठाऊक नसतं. बॅगेत गुरांची औषधं असतात.

म्हणजे तो फौजदार जे बोलला ते तुझे अब्बा बोलले होते. पडद्यावर वाचायला काही नव्हतंच. त्यांनी आयुष्यात कधी कागदात नसलेली ओळ वाचून दाखवली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा दाखवली. त्यांना संशय आला होता. यादीत आपलं नाव आहे का, असं मला तोंडावर विचारून माझी पंचाईत करायची नव्हती, म्हणून त्यांनी मला वाट करून दिली. मनाई आहे, तरी एका ताटात जेवलो म्हणून सांगतो, हे वाक्य त्यांनी तयार करून माझ्या कानात ठेवलं होतं. मला ते फक्त परत म्हणायचं होतं. आणि मी म्हटलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्यावर संशय धरला नाही. स्वतःच्या संशयावर धरला. मनाची समजूत घालायला माझ्याकडे जे काही होतं ते त्या चार मिनिटांत संपलं. त्यानंतर दोन महिन्यांनी तुझा फोन आला, तू विचारलंस, आणि तरीही मी खोटं बोललो. इतकं कळल्यावरही. माणूस म्हणून माझ्यात काय उरलं आहे याचा मी आता हिशेब करत नाही.

आज हे का लिहितो ते सांगतो. मंगळवारी तू तुझ्या निकाहच्या कार्डाचा नमुना पाठवलास आणि लिहिलंस, काका, तुमच्या नावाची अक्षरं बरोबर आहेत का बघा, शनिवारी छापायला जाणार. अक्षरं बरोबर आहेत. वर तुझं आणि फहदचं नाव, खाली वहिनींचं, आणि त्याखाली "मरहूम जहूर परकार यांच्या जागी : चारुदत्त आगाशे." तीन दिवस तो फोटो उघडून बघतोय. मरियम, उद्या सकाळी प्रेसमध्ये जाऊन ती ओळ काढ. तिथे फक्त तुझ्या अब्बांचं नाव राहू दे. मी लग्नाला येणार नाही. माफी मागायला हे लिहिलेलं नाही, तेव्हा त्याचं काही उत्तर देऊ नकोस. एकच कर. पानांचे फोटो पाठवतो आहे, ते उघड आणि वहिनींना समोर बसवून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखव. त्या मधे थांबवतील, रडतील, मला शिव्या देतील, तरी पुरतं वाच. आठ वर्षं त्या नवऱ्यावर रागावून आहेत. त्या माणसाने घरच्यांचाच विचार करून मला विचारलं होतं. त्याची काही चूक नव्हती. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तुझ्या अब्बांबरोबर एका ताटात जेवलेला,
चारुदत्त